मिनी ट्रॅक्टरला घरी बनवलेला बॅकहो जोडायचा तर: आधी फ्रेम, बकेट सगळ्यात शेवटी

द्राक्ष असो, डाळिंब असो, ऊस असो, ज्याच्या दारात १५ ते २७ एचपीचा मिनी ट्रॅक्टर उभा आहे त्याला कधी ना कधी वाटतंच की मागं छोटा खोदायचा हात, म्हणजे बॅकहो, असता तर बरं झालं असतं, ठिबकची मेन लाइन गाडायची, कलमांचे खड्डे घ्यायचे, गोठ्याचा पाया काढायचा, चर साफ करायचे, दर वेळी मोठं मशीन बोलवायचं म्हणजे त्याची वाट बघा, तासावर पैसे द्या आणि बागेत तर ते शिरतच नाही. मग व्हिडिओ बघून उत्साह येतो, भंगारातून एखादी बकेट मिळते आणि काम तिथूनच सुरू होतं. इथेच थांबा असं मी प्रत्येकाला सांगतो. बकेट, तिला धरणारा आर्म, त्यामागचा मोठा हात म्हणजे बूम, हे सगळं कुठलाही बरा फॅब्रिकेटर करून देईल, पण हा सगळा भार ट्रॅक्टरच्या अंगावर कुठून जाणार हे तुम्हालाच आधी ठरवायला लागतं, आणि ते चुकलं तर बकेट नाही मोडत, ट्रॅक्टरची हाउसिंग फुटते किंवा माणूस चेपतो.

खाली जे आकडे दिलेत ते साधारण ७५० किलोच्या मिनी ट्रॅक्टरला आणि पाच-साडेपाच फूट खोलीच्या बॅकहोला धरून आहेत. तुमचा ट्रॅक्टर वेगळा असेल तर आकडे बदला, पण हिशोब असाच करायचा.

काम ठरवा, मग साइज ठरवा

पाइपलाइनचा चर दोन-अडीच फूट खोल लागतो, फळझाडाचा खड्डा तीन फूट, शौचालयाच्या टाकीला पाच-सहा फूट. एवढ्यात शेतातली बहुतेक कामं बसतात. शेततळं खणायचं, विहिरीचा गाळ काढायचा, कातळ फोडायचा असली कामं यातून होणार नाहीत, त्याला पोकलेन किंवा मोठा जेसीबीच बोलवा, त्यात कमीपणा काही नाही. काळी माती, पोयटा, भुसभुशीत मुरूम यात मिनी बॅकहो छान चालतो, कडक मुरमात बकेट अरुंद ठेवली तर चालतो, जांभ्यात किंवा खडकात नाही चालत.

साइज म्हणाल तर बूम १५०० मिमी, आर्म १००० मिमी, बकेट टोकापर्यंत ४००-४५० मिमी आणि रुंदी ३०० मिमी. यापेक्षा मोठं करायचा मोह सगळ्यांना होतो, का करू नये ते पुढच्या हिशोबात दिसेलच.

वजनाचा हिशोब, हा वगळू नका

मिनी ट्रॅक्टरच्या कागदावर लिफ्ट कपॅसिटी साधारण ७५० ते ७८० किलो लिहिलेली असते आणि लोक म्हणतात माझा बॅकहो ३५० किलोचा, म्हणजे आरामात उचलेल. उचलेल हो, पण पुढची चाकं जमिनीवर राहतील का ते बघा. ७५० किलोच्या ट्रॅक्टरचं पुढच्या अॅक्सलवर साधारण ४० टक्के, म्हणजे ३०० किलो वजन असतं. बॅकहो ३५० किलोचा, त्याचा गुरुत्वमध्य मागच्या अॅक्सलपासून १.२ मीटर मागं, म्हणजे ३५० गुणिले १.२ बरोबर ४२०. व्हीलबेस १.५ मीटर धरला तर ४२० भागिले १.५ बरोबर २८० किलो वजन पुढच्या चाकांवरून उठलं. राहिले २० किलो. अशा ट्रॅक्टरला रस्त्यावर स्टेअरिंग लागत नाही, आणि बांध चढताना तो सरळ तोंड वर करतो.

पुढच्या अॅक्सलवर ट्रॅक्टरच्या वजनाच्या किमान २० टक्के तरी राहिलेच पाहिजेत, आपल्या उदाहरणात १५० किलो. म्हणून दोन गोष्टी करायच्या, एक म्हणजे बॅकहो ३०० किलोच्या आत ठेवायचा आणि ट्रॅक्टरच्या जितका जवळ बसवता येईल तितका बसवायचा, आणि दुसरं म्हणजे पुढं वजनं लावायची. पुढच्या अॅक्सलच्या ४० सेंटीमीटर पुढं १०० किलो टाकले तर अॅक्सलवर सव्वाशे किलोच्या वर भर पडते, त्यामुळे पुढची वजनं हा बॅकहोचाच एक पार्ट आहे असं समजून बजेटमध्ये धरा.

आता दुसरा हिशोब, ताकदीचा. खोदताना बकेट ट्रॅक्टरला मागं ओढते. ट्रॅक्टर ७५० आणि बॅकहो ३०० असे १०५० किलो जमिनीला किती धरून राहतील? मातीत साधारण निम्मे ते साठ टक्के, म्हणजे ५२५ ते ६३० किलो. त्याच्या वर ओढ गेली की माती सुटायच्या ऐवजी ट्रॅक्टरच घसरतो. ६३ मिमी बोअरचा (आतल्या व्यासाचा) हायड्रॉलिक सिलिंडर १५० बार प्रेशरला साधारण ४७०० किलोचा जोर देतो. आर्मवर त्याला २५० मिमीचा लिव्हर (सांध्याच्या पिनपासून जोराच्या रेषेपर्यंतचं अंतर) मिळाला आणि पिनपासून बकेटचं टोक १.४ मीटरवर असलं तर टोकाला ४७०० गुणिले ०.२५ भागिले १.४, म्हणजे ८४० किलो. ट्रॅक्टर धरू शकतो त्यापेक्षा हे आत्ताच जास्त आहे! म्हणून ८० मिमीचे सिलिंडर स्वस्तात मिळतायत म्हणून घेऊ नका, खोदाई एक घमेलंसुद्धा वाढणार नाही, वाढेल तो फ्रेमवरचा ताण. मशीनची ताकद ट्रॅक्टरच्या वजनावरून ठरते.

फ्रेम: इथे वेळ घालवा

सगळ्यात सोपी पद्धत म्हणजे थ्री पॉइंट लिंकेजला जोडणं, नांगर जोडतो तसं. आणि नवीन माणसासाठी सगळ्यात धोक्याची पण हीच. लिंकेजचे खालचे दोन हात फक्त वर उचलतात, खाली दाबून धरत नाहीत, इंप्लिमेंट खालून ढकललं गेलं की ते मोकळे वर जातात. बॅकहोची बकेट जमिनीवर दाबली की पूर्ण बॅकहो वर उठायला बघतो, टॉप लिंकभोवती (वरच्या तिसऱ्या दांड्याभोवती) फिरतो आणि सीटवरचा माणूस बॅकहो आणि ट्रॅक्टरच्या मडगार्डच्या मध्ये सापडतो. यात माणसं गंभीर जखमी झालेली आहेत, मेलेलीही आहेत, म्हणून नुसत्या लिंकेजवर बॅकहो लावायचा नाही हे माझं स्पष्ट मत आहे.

करायचं काय तर ट्रॅक्टरच्या पोटाखालून सबफ्रेम न्यायची. मिनी ट्रॅक्टरला वेगळी चॅसी नसते, इंजिन, क्लच हाउसिंग, गिअरबॉक्स, मागची अॅक्सल हाउसिंग हे सगळं एकमेकांना बोल्ट केलेलं बीड (कास्ट आयर्न) असतं आणि तेच चॅसीचं काम करतं. बॅकहो मागं हिसके देतो तेव्हा हे सांधे उघडायला बघतात, तिथून आधी ऑइल गळायला लागतं आणि मग बीड तडकतं. सबफ्रेम हा भार मागच्या अॅक्सलपासून पुढच्या अॅक्सलच्या ब्रॅकेटपर्यंत वाटून नेते.

दोन्ही बाजूंनी १०० बाय ५० चे दोन चॅनल, मागं दोन्ही अॅक्सल ट्रंपेटला (मागच्या चाकांकडे जाणाऱ्या अॅक्सलच्या हाउसिंगला) १६ मिमीच्या प्लेटने धरलेले, पुढं फ्रंट सपोर्टला बोल्ट केलेले, आणि मध्ये दोन आडवे तुकडे. ट्रॅक्टरला कंपनीने आधीच दिलेली आट्यांची भोकं असतात, तीच वापरायची, बीडाला नवीन ड्रिल मारायचं नाही आणि वेल्डिंगचा तर विचारसुद्धा करायचा नाही. बोल्ट ८.८ ग्रेडचे, डोक्यावर ८.८ कोरलेलं असतं ते बघूनच घ्या, हार्डवेअरवाल्याने गोणीतून काढून दिलेले साधे बोल्ट इथे चालणार नाहीत. आट्या किमान बोल्टच्या जाडीच्या दीडपट आत गेल्या पाहिजेत.

मोजमाप घ्यायच्या आधी ट्रॅक्टर सपाट कोब्यावर उभा करा, हवा सारखी करा, आणि सर्व्हिस करायच्या जागा लिहून घ्या: ऑइलचा ड्रेन प्लग, क्लच आणि ब्रेकच्या दांड्या, पुढच्या फोर व्हील ड्राइव्हचा शाफ्ट. चॅनल यांच्या आड आला तर नंतर प्रत्येक ऑइल बदलाला पूर्ण फ्रेम सोडायला लागेल. जाड पुठ्ठ्याची किंवा प्लायची टेम्प्लेट काढून भोकं त्यावर उतरवा आणि मगच प्लेट गॅसवर नाहीतर सीएनसीवर कापायला द्या. कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरमध्ये, नाशिकला अंबड-सातपूरला, पुण्यात भोसरीला सीएनसी कटिंग सहज मिळतं, आणि हाताने कापलेल्या प्लेटपेक्षा भोकं एका रेषेत येतात.

बॅकहो या सबफ्रेमला मागं चार पिनांनी बसवायचा, खाली दोन वर दोन, म्हणजे तासाभरात काढता पण येतो आणि नांगर, रोटाव्हेटर परत जोडता येतो. लिंकेजचे हात तेवढ्यापुरते काढून ठेवा.

प्लायच्या पट्ट्यांचं मॉडेल

लोखंड कापायच्या आधी हे कराच. एकास पाच प्रमाणात प्लायच्या पट्ट्या कापा, बूम ३०० मिमीचा, आर्म २०० मिमीचा, बकेट पुठ्ठ्याची, सांध्यांना खिळे. भिंतीवर एक मोठा कागद लावून त्यावर जमिनीची रेघ मारा आणि हात हलवून बघा, बकेट कुठपर्यंत खाली जाते, वर ट्रॉलीच्या फाळक्यावरून जाते का, घडी घातल्यावर ट्रॅक्टरला लागते का.

सिलिंडरची जागा इथेच ठरते. सिलिंडर मिटलेला असताना पिन ते पिन लांबी म्हणजे स्ट्रोक (दांडा जितका बाहेर येतो तेवढं अंतर) अधिक साधारण २०० ते २५० मिमी. ४०० स्ट्रोकचा सिलिंडर मिटल्यावर ६२०-६५० आणि उघडल्यावर १०२०-१०५० मिमी. मॉडेलवर तेवढ्याच प्रमाणात दोन पट्ट्या एकमेकींवर सरकवून बघा. एक गोष्ट कायम लक्षात ठेवा, सिलिंडर पूर्ण मिटल्यावर किंवा पूर्ण उघडल्यावर त्याची रेषा हाताच्या मुख्य पिनमधून जाता कामा नये. तशी गेली की सिलिंडर कितीही जोर लावो, हात हलणार नाही, आणि कधी कधी उलट्या बाजूला वळून पिनच मोडतो. कोन जितका काटकोनाच्या जवळ तितका जोर जास्त, दोन्ही टोकांना किमान २५-३० अंश तरी राहू द्या.

बकेट थेट सिलिंडरला जोडली तर जेमतेम ९०-१०० अंश फिरते, भरते पण नीट रिकामी होत नाही. मध्ये दोन लिंक टाकून चार सांध्यांची जोडणी केली, मोठ्या मशीनला असते तशीच, तर १५०-१७० अंश मिळतात. शेजारीपाजारी जेसीबी उभा असेल तर जाऊन त्याची बकेट लिंक बघा, फोटो काढा, मोजमाप घ्या आणि तेच प्रमाण लहान करा.

लोखंड आणि वेल्डिंग

बूमसाठी १५० बाय १०० चा बॉक्स, ६ मिमी प्लेटचा, आयएस २०६२ चं लोखंड. का एवढा? बूमचा सिलिंडर ४७०० किलोने ३०० मिमी लिव्हरवर ढकलतो, म्हणजे १४१० किलो-मीटरचा वाक. या बॉक्सचा सेक्शन मॉड्युलस (वाक सोसायची ताकद दाखवणारा आकडा) साधारण ११८ घन सेंटीमीटर येतो, त्यात ताण ११७ मेगापास्कल निघतो. लोखंडाची यील्ड, म्हणजे कायमचं वाकायला लागतं ती मर्यादा, २५० आहे, म्हणजे निम्म्याच्या आत आहोत, आणि खोदताना जे धक्के बसतात त्यासाठी ही शिल्लक लागतेच. ४ मिमीचा बॉक्स घेतला तर वजन कमी होईल पण ही शिल्लक बरीच कमी होते. आर्मला १२५ बाय ८० चा बॉक्स, ६ मिमीचाच, पुरतो.

वेल्डिंगला मिग मशीन असेल तर उत्तम, नसेल तर साध्या आर्कवर ७०१८ ची लो हायड्रोजन रॉड वापरा, ६०१३ ने गेट आणि खिडक्या करतात, बूम नाही. ७०१८ ला ओल चालत नाही, पाकीट फोडलं की रॉड ओव्हनमध्ये गरम ठेवायच्या, पावसाळ्यात तर हे अजिबात सोडू नका. स्वतःला वेल्डिंगची सवय नसेल तर फ्रेम, बूम आणि बूम ज्याच्यावर फिरतो तो खांब हे तीन भाग अनुभवी वेल्डरकडूनच करून घ्या, बाकीचं शिकत शिकत करा.

दोन गोष्टी फॅब्रिकेटरला सांगून करून घ्या. पहिली, ज्या दोन बॉसमध्ये (पिन बसायच्या जाड कड्यांमध्ये) एकच पिन जाणार त्यांच्यातून वेल्डिंगच्या वेळी एक अख्खा शाफ्ट घालून ठेवायचा आणि एकदा इकडे एकदा तिकडे असं थोडं थोडं वेल्ड करायचं, नाहीतर उष्णतेने बॉस वाकडे होतात आणि मग लाइन बोरिंगचा, म्हणजे भोकं परत एका रेषेत कातून घ्यायचा, खर्च. दुसरी, बूमवर जी जास्तीची पट्टी लावतो तिचं टोक चौकोनी कापून आडवं वेल्ड करायचं नाही, माशाच्या शेपटीसारखं निमुळतं करायचं, तडा नेहमी अशा आडव्या वेल्डपासूनच सुरू होतो. सिलिंडर बसवल्यावर वेल्डिंग करावंच लागलं तर रॉडवर ओलं पोतं टाका आणि अर्थिंगचा चिमटा जिथे वेल्ड करताय त्याच तुकड्याला लावा, करंट सिलिंडरमधून किंवा पिनमधून गेला की क्रोमवर डाग पडतो आणि सील काही दिवसांत जातं. ट्रॅक्टरवर असताना वेल्डिंग करत असाल तर बॅटरीची वायर आधी काढा.

पिन ३२ मिमीचे ईएन ८ चे, बुश गनमेटलचे, प्रत्येक सांध्याला ग्रीस निप्पल. पिन फिरू नये म्हणून एका टोकाला पट्टी वेल्ड करून बोल्टने धरायची, नुसती स्प्लिट पिन पुरत नाही.

खांब आणि स्विंग

बॅकहोमध्ये सगळ्यात जास्त मार खातो तो मधला उभा खांब, ज्याच्यावर बूम डावीउजवीकडे फिरतो. इथे काटकसर नको. वरचा आणि खालचा पिन किमान ४५-५० मिमीचा, दोघांमध्ये उभं अंतर ३५० मिमीच्या वर, कारण अंतर जितकं कमी तितका पिनवरचा भार वाढतो. कान २० मिमी प्लेटचे, खाली-वर थ्रस्ट वॉशर.

फिरवायला ५० मिमी बोअरचे दोन सिलिंडर, दोन्ही बाजूंनी, उलटसुलट जोडलेले, म्हणजे एक ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो. साधारण १२० अंश फिरलं तरी शेतीच्या कामाला भरपूर झालं, १८० च्या मागे लागलात की भूमिती अवघड होते. भरलेली बकेट घेऊन हात फिरला आणि लिव्हर सोडला की सगळं वजन एकदम थांबतं, त्या हिसक्याने खांब तुटतात, म्हणून स्विंगच्या दोन्ही लाइनमध्ये फ्लो रिस्ट्रिक्टर टाकून वेग कमी करा, आणि जमलं तर क्रॉस रिलीफ व्हॉल्व्ह (एका लाइनमधलं प्रेशर फार वाढलं की ऑइल दुसऱ्या लाइनमध्ये सोडणारा) पण. हे छोटे पार्ट आहेत, पण अर्ध्या मशीनचं आयुष्य यांच्यावर आहे.

स्टॅबिलायझरचे पाय, म्हणजे खोदताना ट्रॅक्टर स्थिर धरणारे दोन बाजूंचे पाय, जमिनीवर टेकल्यावर एकमेकांपासून सहा फूट तरी लांब हवेत. त्यांच्या सिलिंडरवर लॉक व्हॉल्व्ह लावाच, नाहीतर कंट्रोल व्हॉल्व्हच्या स्पूलमधून (लिव्हरने सरकणाऱ्या आतल्या दांड्याच्या फटीतून) ऑइल हळूहळू झिरपतं, एक पाय खाली बसतो आणि तुम्ही खोदण्याच्या नादात असता तेव्हा ट्रॅक्टर कलतो.

हायड्रॉलिक

लोखंडापेक्षा जास्त पैसे इथे जातात, तेव्हा सुरुवातीलाच लिस्ट करा. ट्रॅक्टरचं स्वतःचं हायड्रॉलिक वापरू का, हा प्रश्न सगळेच विचारतात. मिनी ट्रॅक्टरचा पंप लहान असतो, ऑइल गिअरबॉक्सचंच असतं, आणि आपल्या होजमधला एखादा वेल्डिंगचा कण आत गेला तर ट्रॅक्टरचीच लिफ्ट बसते. त्यामुळे पीटीओवर (ट्रॅक्टरच्या मागचा फिरणारा शाफ्ट, ज्यावर रोटाव्हेटर चालतो) वेगळा पंप आणि वेगळी टाकी.

पीटीओ ५४० आरपीएमचा, गिअर पंपाला एवढा वेग कमी पडतो, म्हणून मध्ये एकास तीनचा स्टेप-अप गिअरबॉक्स. पंप १६२० आरपीएमवर फिरला आणि १६ सीसीचा असला तर गळती वजा करून मिनिटाला २४ लिटर ऑइल मिळतं. ६३ मिमीच्या सिलिंडरला ४०० मिमी स्ट्रोक पूर्ण करायला तीन सेकंदांपेक्षा जरा जास्त लागतात, शिकणाऱ्या माणसाला हा वेग बरोबर आहे. पॉवर किती लागते? बार गुणिले लिटर भागिले ६००, म्हणजे १५० गुणिले २४ भागिले ६००, ६ किलोवॅट, घट धरून साडेनऊ एचपीच्या आसपास. १५ एचपीच्या ट्रॅक्टरला झेपतं. ३०-४० लिटरचा पंप लावला की इंजिन दबायला लागेल.

पंप घेताना फिरायची दिशा बघून घ्या. ट्रॅक्टरच्या मागं उभं राहून बघितलं तर पीटीओ घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतो, पण पंपाची दिशा पंपाच्या शाफ्टकडून बघून ठरवतात आणि दोन गिअरच्या गिअरबॉक्समध्ये दिशा उलटते, त्यामुळे कागदावर बाण काढून मगच ऑर्डर द्या. उलटा फिरवला तर शाफ्टचं सील पहिल्याच मिनिटात बाहेर येतं. गिअरबॉक्स स्वतः फिरू नये म्हणून त्याला फ्रेमशी बांधणारा टॉर्क आर्म लागतो. आणि पीटीओ शाफ्टवर गार्ड हवंच, तुमची सीट बरोबर त्याच्या वर येते, गळ्यातला पंचा किंवा सैल पायजमा त्यात गेला तर काहीच करता येत नाही.

टाकी ४० लिटरची, ऑइल ६८ ग्रेडचं हायड्रॉलिक. सक्शनची लाइन एक इंचाची, शक्य तितकी आखूड, रिटर्न लाइनवर फिल्टर, आणि रिटर्नचा पाइप ऑइलच्या पातळीखाली सोडायचा, वरून पडला तर फेस होतो. टाकी आतून घासून, धुऊन, पुसून घ्या, पुसायला सुती चिंध्या वापरू नका, त्यांचे धागे राहतात.

कंट्रोल व्हॉल्व्ह सहा स्पूलचा: बूम, आर्म, बकेट, स्विंग आणि दोन पाय. बाजारात पी४० नावाने मिळतो तो मिनिटाला ४० लिटरचा असतो, आपल्याला भरपूर होतो. त्यात रिलीफ व्हॉल्व्ह, म्हणजे ठरवलेल्या प्रेशरच्या वर ऑइल परत टाकीत सोडणारा व्हॉल्व्ह, असतोच. होज आर२ म्हणजे डबल तारेच्या जाळीचे, पंपापासून व्हॉल्व्हपर्यंत अर्धा इंच, सिलिंडरकडे तीन अष्टमांश. होज पाइप क्रिंपिंगवाल्याकडूनच प्रेस करून घ्या, आणि हात पूर्ण घडी व पूर्ण लांब करून, दोन्हीकडे लांबी मोजून मगच ऑर्डर द्या. सांध्यापाशी होज ताणला किंवा घासला की तो जाणारच.

बकेट

आता बकेट. बाजूच्या प्लेट ८ मिमी, तळ ६ मिमी, पुढची धार १६ मिमी, तीन दात. रुंदी ३०० ठेवली की साधारण ३० लिटर माती येते, ओली माती धरून ५५-६० किलो. दात आणि धारेसाठी बरेच जण जुन्या ट्रकच्या कमानीचे पाटे वापरतात, लोखंड चांगलंच आहे, पण ते थंड असताना वेल्ड केलं की तडकतं, आधी गॅसने चांगलं गरम करायचं, वेल्ड झाल्यावर राखेत नाहीतर चुन्यात हळू थंड होऊ द्यायचं, पाणी मारायचं नाही. तळ मागच्या बाजूला किंचित निमुळता ठेवा, म्हणजे बकेटची टाच खड्ड्याच्या भिंतीला घासत नाही आणि माती सुटते पण. कडक मुरूम असेल तर २२५ मिमीची दुसरी बकेट करून ठेवा, त्याच पिनवर बसणारी.

पहिल्यांदा चालू करताना

ट्रॅक्टर मोकळ्या सपाट जागी, लहान मुलं आणि बघे लांब. लाइनमध्ये ० ते २५० बारचा गेज लावा. रिलीफ पूर्ण सैल करा, इंजिन आयडलवर, पीटीओ हळू टाका. पंप खरखर करत असेल तर लगेच बंद, सक्शनमध्ये हवा जातेय किंवा ऑइल पोचत नाहीये. ऑइल दुधासारखं पांढरं दिसलं तरी तेच. प्रत्येक सिलिंडर रिकामा, विना भार, पाच-सहा वेळा पूर्ण मागेपुढे करा म्हणजे आतली हवा निघते, मग टाकीत ऑइलची पातळी खाली गेलेली असेल, ती भरून घ्या. त्यानंतर रिलीफ १०० बारवर आणा आणि दोन-तीन दिवस भुसभुशीत मातीतच चालवा. सगळं नीट असेल तर १५० बार. त्याच्यावर नाही, कितीही वाटलं तरी.

गळती शोधताना हात फिरवायचा नाही. सुईएवढ्या भोकातून १५० बारचं ऑइल कातडीतून सरळ आत जातं, वर फक्त टोचल्यासारखं दिसतं, दुखत पण नाही सुरुवातीला, आणि काही तासांत हात किंवा बोट कापायची वेळ येते. पुठ्ठ्याचा तुकडा धरून शोधा, आणि असं कधी झालंच तर घरगुती उपाय न करता लगेच मोठ्या हॉस्पिटलला जाऊन ऑइल आत गेलंय असं स्पष्ट सांगा.

चालवताना

इंजिन बंद करायची केबल लांब करून मागच्या सीटपाशी आणा. मागं तोंड करून बसल्यावर ट्रॅक्टरचा स्टॉप नॉब हाताला येत नाही, आणि गरज पडते ती नेमकी तेव्हाच. बॅकहोचे लिव्हर फक्त सीटवर बसूनच चालवायचे, बाजूला जमिनीवर उभं राहून नाही, हात फिरला की मधला माणूस सापडतो.

खोदायच्या आधी हँडब्रेक, गिअर न्यूट्रल, स्टॅबिलायझरचे पाय टेकवून मागची चाकं जेमतेम हलकी करा, पूर्ण उचलू नका, चाकांची पकड पण कामाला येते. उतारावर बकेट चढाच्या बाजूला रिकामी करा. काळ्या मातीचा चर चार फुटांपुढे गेला की भिंत न सांगता ढासळते, त्यात माणूस उतरवू नका, आणि काढलेली माती काठापासून दोन फूट लांब टाका. आधी विचारून घ्या मोटारीची केबल, जुनी पाइपलाइन कुठून गेलीय, आणि वर बघा, शेतातल्या महावितरणच्या तारा उन्हाळ्यात आणखी खाली आलेल्या असतात.

रस्त्यावरून नेताना हात घडी करून बूमला आणि स्विंगला लोखंडी पिनने लॉक करा, हायड्रॉलिकच्या भरवशावर नेऊ नका, मागं लाल रिफ्लेक्टर लावा, वेग बैलगाडीपेक्षा थोडाच जास्त. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीच्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. आपली फ्रेम बोल्टने बसते आणि सुटते, तरीही काम सुरू करायच्या आधीच आरटीओत आणि इन्शुरन्सवाल्याला विचारून घ्या, अपघात झाल्यावर विचारून उपयोग नसतो. ट्रॅक्टर वॉरंटीत असेल तर डीलरलाही विचारा.

पहिल्या दहा तासांनंतर सबफ्रेमचे सगळे बोल्ट टॉर्क रेंचने परत आवळा, ते सैल झालेले असणारच. खांबाच्या कानांवरची आणि बूमच्या बुडाची वेल्डिंग तारेच्या ब्रशने साफ करून उजेडात बघा, केसासारखी रेघ किंवा रंगाखालून गंजाची ओळ दिसली तर तडा आहे, काम थांबवा, ग्राइंडरने तडा संपेपर्यंत खोदून काढा आणि मगच परत भरा, नुसता वरून रन मारू नका. पहिला रिटर्न फिल्टर पन्नास तासांनी बदला, त्यानंतर दर हंगामाला एकदा. ग्रीस रोज, काम सुरू करायच्या आधी, खांबाच्या दोन्ही पिनांना सगळ्यात आधी.